जॅझच्या मैफलीत एक रात्र

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



या व्याख्यानमालेत ज्ञानेश्वरी झाली, नाट्यसंगीत झाले, दिवाळी अंकांची परंपरा झाली. त्यानंतर आम्ही जॅझ आणि सोल या अमेरिकन संगीतावर बोलणार आहोत, हे सूचनाफलकावर वाचून काही ज्येष्ठांनी चष्मा पुसून ती ओळ पुन्हा एकदा वाचली असेल. आम्ही संगीताचे शास्त्री नव्हेत. केंद्र सरकारच्या सेवेत बदल्यांच्या हुकुमामागे फिरत आलेले, कलाशाखेचे एक साधे पदवीधर आहोत. तरीही हा विषय निवडला, त्याला कारण आहे. मंडळाच्या कार्यकारिणीपुढे सध्या एक प्रश्न आहे. कोलकात्यातच जन्मलेली, वाढलेली आपली मुले विचारीत आहेत की, गिटार आणि ड्रम घेऊन आम्ही मंडळाच्या रंगमंचावर यावे की येऊ नये? या प्रश्नावर दोन तट पडले आहेत. मत देण्यापूर्वी त्या संगीताची चौकशी करावी, एवढाच आमचा हेतू. सरकारी भाषेत सांगायचे तर, टिप्पणी लिहिण्याआधी कागदपत्रे पाहिलेली बरी.

गेल्या हिवाळ्यात शहरातील एका जुन्या क्लबाच्या हिरवळीवर अशी मैफल होती. आम्ही, आमच्या सौभाग्यवती आणि महाविद्यालयात शिकणारी आमची कन्या असे तिघे गेलो. डिसेंबरातली कोलकात्याची हवा आपण जाणताच. गळ्याला मफलर, माथ्यावर दव आणि कोठून तरी येणारा कबाबांचा वास. खुर्च्यांवर पांढऱ्या केसांचे अँग्लो-इंडियन गृहस्थ होते, शाली पांघरलेली बंगाली दांपत्ये होती आणि जमिनीवर बैठक मारून बसलेली तरुण मुलेही होती. आपल्या सवाई गंधर्व महोत्सवाच्या मांडवात जी एक ओळखीची कुजबूज असते, तीच येथेही ऐकू येत होती. श्रोता कोणत्याही देशाचा असो, साज जुळेपर्यंत तो सारखाच वागतो.

पहिल्या भागात पियानो, उभा बास, ड्रम आणि सॅक्सोफोन अशी चौघांची मंडळी होती. त्यांनी प्रथम एक धून सरळ वाजविली. मग सॅक्सोफोनवाल्याने ती सोडली आणि विस्तार सुरू झाला. ही रचना बहुधा बत्तीस मापांची असते. आठ-आठ मापांचे चार तुकडे, त्यांतील तिसरा वेगळा, बाकीचे तीन एका घाटाचे. प्रत्येक मापात चार मात्रा धरल्या तर एकशे अठ्ठावीस मात्रांचे ते एक आवर्तन झाले. हे आवर्तन कोणी मोठ्याने मोजीत नाही. बासवाला एकेका मात्रेवर एकेक स्वर ठेवीत चालत राहतो, आणि बाकीचे आपापल्या वाटेने हिंडून नेमक्या जागी परत येतात. ते परत आले की श्रोते मधेच टाळ्या वाजवितात. आपण समेवर ‘वाहवा’ म्हणतो, तोच हा प्रकार.

पुढे सॅक्सोफोन आणि ड्रम यांनी चार-चार मापे आळीपाळीने वाटून घेतली. एकाने विचारायचे, दुसऱ्याने उत्तर द्यायचे. तो सवालजबाब ऐकून आमच्या सौभाग्यवती सरसावून बसल्या. त्यांचे माहेर सांगलीकडचे. सवालजबाब त्यांना समजावून सांगावा लागत नाही.

एका गोष्टीत मात्र आमचे आणि त्या मंडळींचे हात जुळेनात. आपली टाळी पहिल्या मात्रेवर पडते. त्या संगीतात ती दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडते. आमच्या पुढे बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांची टाळी आणि आमची टाळी मिळून एक पूर्ण ठेका होत होता! आमच्या कन्येने मात्र दोन्हीकडचे हात सांभाळले. ही गोष्ट आम्ही मनाशी नोंदवून ठेवली.

हे संगीत आले कोठून? अमेरिकेच्या दक्षिणेकडील न्यू ऑर्लिन्स हे बंदराचे शहर. आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांना आणि त्यांच्या वंशजांना तेथे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रविवारी एका मैदानात जमण्याची मुभा होती. ‘काँगो स्क्वेअर’ म्हणून ते मैदान पुढे प्रसिद्धी पावले. आठवडाभर मळ्यात आणि घरात राबलेली ही माणसे तेथे ढोल वाजवीत, नाचत, आपापल्या मुलखाचे सूर आठवीत. गाव गेले, भाषा गेली, नावेसुद्धा मालकाने बदलली. राहिला तो ताल. गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली. त्यानंतरच्या दोन पिढ्यांत हा ताल, चर्चमधील प्रार्थनागीते, लष्करी बँडची पितळी वाद्ये आणि ‘ब्लूज’ नावाची दुःखाची गाणी यांच्या मिश्रणातून जॅझ आकाराला आला. १९०१ मध्ये त्याच शहरात, अतिशय गरिबीत, लुई आर्मस्ट्राँग जन्मला आणि त्याच्या कर्ण्याने हे संगीत जगभर नेले.

ब्लूजचे बारा मापांचे आवर्तन असते. त्याच्या अठ्ठेचाळीस मात्रा, म्हणजे बरोबर आपल्या तीनतालाची तीन आवर्तने होतात. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीत तिचे उत्तर द्यायचे. यातील गांधार शुद्ध नसतो आणि कोमलही नसतो. तो दोहोंच्या मधल्या जागेत घोटाळतो. पियानोच्या पट्ट्यांवर ही जागाच नाही. आपल्या पेटीवरही ती नाही. ती गळ्यात असते. ज्यांनी आपल्या गवयांचे आंदोलित गांधार ऐकले आहेत, त्यांना हा स्वर परका वाटणार नाही.

मैफलीच्या उत्तरार्धात एक गायिका आली आणि सोल सुरू झाले. सोल म्हणजे आत्मा. कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये धर्मोपदेशकाने एक ओळ म्हणावी आणि समुदायाने ती उचलून धरावी, अशी रीत आहे. १९५४ च्या सुमारास रे चार्ल्स या अंध गायकाने हीच गायकी प्रेमगीतात आणली. देवाला मारायची हाक माणसाला मारली, म्हणून कित्येक धार्मिक लोक त्याच्यावर रुष्ट झाले. डेट्रॉइटच्या एका धर्मोपदेशकाची कन्या अरेथा फ्रँकलिन हिने पुढे ही गायकी शिखरावर नेली. ‘रिस्पेक्ट’ हे गाणे मुळात ओटिस रेडिंग याने १९६५ मध्ये ध्वनिमुद्रित केले होते. घरी परतलेल्या नवऱ्याने बायकोकडे मागितलेला मान असा त्याचा भाव होता. १९६७ मध्ये अरेथाने तेच गाणे गायिले आणि ते स्त्रीने मागितलेल्या मानाचे गाणे झाले. चाल जुनीच होती. गाणारीचे आयुष्य वेगळे होते, म्हणून अर्थ पालटला.

त्या रात्री गायिकेच्या मागे दोन मुली उभ्या होत्या. तिची ओळ संपते न संपते तोच त्या ती झेलीत आणि पुढे ढकलीत. रसिकहो, आपल्या पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी उभे असतात, त्यांचे काम याहून वेगळे काय असते? भजनात बुवांच्या मागे टाळकरी उभे असतात, ते तरी काय करतात? एकाने हाक द्यावी आणि दहांनी ‘ओ’ द्यावी, ही परमुलखात पडलेल्या माणसांची पहिली गरज आहे. आपले मंडळही पन्नास वर्षांपूर्वी याच गरजेतून उभे राहिले.

आता हे संगीत आपल्या देशात कोणी रुजविले ते पाहू. १९३५ मध्ये लिऑन अॅबी याचा कृष्णवर्णीय अमेरिकन वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्या मागोमाग आणखीही वादक आले. त्यांपैकी टेडी वेदरफर्ड हा पियानोवादक युद्धकाळात आपल्या याच शहरातील ग्रँड हॉटेलात वाजवीत असे. १९४५ मध्ये तो येथेच पटकीने वारला. पण ही विद्या ज्यांनी घरोघरी नेली ते होते गोव्याचे लोक. पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या गावोगावी चर्चच्या शाळा होत्या. तेथे गावच्या पोरांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवीत. शेतीत भागेना म्हणून ही पोरे मुंबईला आली. धोबीतलावाच्या आसपास त्यांच्या ‘कुडी’ होत्या. एकेका गावाची एकेक कूड. नाममात्र वर्गणी, एक ट्रंक ठेवण्यापुरती जागा आणि संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना. खलाशी, आचारी आणि वादक तेथे शेजारी-शेजारी झोपत. कूड म्हणजे त्यांचे मंडळच!

अशांपैकीच हळदोण्याचा आंतोनियो शाविएर वाझ. रसिकांनी त्याला ‘चिक चॉकलेट’ या नावाने ओळखले. आपल्या पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांच्या वाद्यवृंदात तो होता. १९५१ च्या ‘अलबेला’मधील ज्या गाण्यांवर आपल्या आईवडिलांनी ताल धरला, त्यांत या कर्णेवाल्याचा श्वास आहे. तेच चितळकर १९५३ मध्ये ‘अनारकली’ला चाली देतात, आणि गदिमांच्या शब्दांवर ‘गीतगोपाल’ही बांधतात. परकी वाद्ये हाताळल्याने त्यांचा मराठी गळा बाटला नाही. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकविले. १९७७ मध्ये शिष्याने गुरूचे नाव एका चित्रपटगीतात अमर केले.

आणि आपल्या याच कोलकात्याचे पार्क स्ट्रीट! मोकँबो, ट्रिंकाज, ब्लू फॉक्स या उपाहारगृहांत रोज रात्री वाद्यवृंद असत. पॅम क्रेन तेथे गात, ब्राझ गोन्साल्विस सॅक्सोफोन वाजवीत, लुई बँक्स पियानोवर बसत. दार्जिलिंगचे हे लुई बँक्स पुढे मुंबईला गेले. १९८८ मध्ये दूरदर्शनवर भीमसेनजींच्या स्वरांनी सुरू होणारे ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ आले. त्याची चाल आपल्या अशोक पत्की यांची आणि वाद्यरचनेत हात लुई बँक्स यांचा. ज्या गीताने तुमचेआमचे डोळे परमुलखात पाणावले, त्यात पार्क स्ट्रीटचाही वाटा आहे.

पण सत्तरीच्या दशकात पार्क स्ट्रीटच्या त्या रात्री ओसरू लागल्या. करमणूककर वाढला, शहराची घडी बिघडली, लोकांची आवड पालटली. वादक कोणी मुंबईला गेले, कोणी परदेशी गेले. एकदोन ठिकाणी अजून वाद्ये वाजतात. पण गल्लीगल्लीत ऐकू येणारा तो सराव गेला. तरीही गेल्या हिवाळ्यात आम्ही जे ऐकले ते वाजविणारी मुले विशीतली होती. हे कसे झाले? मागे राहिलेल्यांपैकी काहींनी शिकवणे सोडले नाही, म्हणून झाले. कार्लटन किटो हे गिटारवादक २०१६ मध्ये निवर्तले. या शहरातील मुलांच्या कित्येक तुकड्या त्यांच्या हाताखालून गेल्या. उपाहारगृहे बंद झाल्याने संगीताची जागा गेली. शिकविणारा उरला म्हणून संगीत उरले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आपल्या ज्येष्ठांची भीती आम्ही खोटी मानीत नाही. परमुलखात भाषा आधी स्वयंपाकघरात शिल्लक राहते, मग केवळ सणावाराला आणि पुढे फक्त आडनावात उरते. मंडळाचा रंगमंचही दिला तर आपल्यापाशी राहील काय, असे ते विचारतात. मुलांचे म्हणणेही खोटे नाही. गणेशोत्सवात खुर्च्या लावायला आम्ही लागतो, रंगमंचावर मात्र आम्हाला जागा नाही, असे ती म्हणतात. दोघांच्याही म्हणण्याला आधार आहे, म्हणून हा निर्णय हात वर करून मते मोजण्याने होऊ नये.

जॅझविषयी एक समज आहे की, त्यात ज्याला जे वाटेल ते वाजवावे. मैफलीत नीट कान दिला तर उलट कळते. ज्याला मूळ धून पाठ नाही, त्याला विस्तारात पाऊल टाकता येत नाही. आवर्तन हरवले की तो सर्वांदेखत उघडा पडतो. स्वातंत्र्य आहे, पण ते पाठांतरानंतरचे आहे. आपल्या ख्यालातही बंदिश घोटल्यावाचून गुरू आलापाला बसवीत नाहीत.

म्हणून आमची सूचना अशी. वर्षातून एक संध्याकाळ मंडळाने मुलांना द्यावी. गिटार, ड्रम, सॅक्सोफोन, जे वाजवता येईल ते त्यांनी आणावे. अट एकच. प्रत्येकाने आपल्या घरातली एक चाल घेऊन यावे. आजीची ओवी असो, अभंग असो, कोळीगीत असो, लावणी असो. ती आधी सरळ, शब्दांसह म्हणून दाखवावी. मग तिचा हवा तसा विस्तार करावा. चाल आपली, विस्तार तुमचा. आणि यासाठी ज्येष्ठांनी रविवारी सकाळी एक तास त्या चाली शिकवायला यावे. रंगमंच देणे सोपे आहे. शिकवायला येणे कठीण आहे, आणि खरे काम तेच आहे. हजेरीपटावर पहिले नाव आमच्या सौभाग्यवतींचे लिहून घ्यावे; त्यांना जात्यावरच्या पन्नासएक ओव्या मुखोद्गत आहेत. आम्ही खुर्च्या लावू.

हीरकमहोत्सवाला आपल्यापैकी कोण कोठे असेल, हे बदल्यांच्या हुकुमाला ठाऊक आणि ईश्वराला ठाऊक. पण त्या दिवशी या सभागृहात कोणी मराठी चाल म्हणावी आणि पाठीमागून दहा कोवळ्या गळ्यांनी ती झेलावी, एवढी तजवीज आपण आज करू शकतो. ती झील कोणत्या वाद्यावर वाजेल, याची चिंता आपण करू नये.