लशीच्या कुपीत काय असते?



लसीकरणाचे संमतिपत्रक घरी पाठविले की काही पालक ते सहीविना परत धाडतात. "त्यात कशाचे काय घातलेले असते, कोण जाणे!" असे कारण मिळते. प्रश्न रास्त आहे. त्याला उत्तर हवे, दटावणी नको.

जून 2021 मध्ये कोव्हॅक्सीनमध्ये वासराच्या रक्ताचा अंश असल्याची चर्चा देशभर झाली. खरा प्रकार असा. विषाणूला वाढण्यास जिवंत पेशी लागते. या लशीसाठी 'व्हेरो' पेशी वापरतात. 1962 साली जपानमध्ये आफ्रिकी हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडापासून त्या तयार झाल्या. आजही त्यांचीच संतती प्रयोगशाळांत वाढते. या पेशी वाढविताना वासराच्या रक्तातील सीरम लागते. नंतर मात्र पेशी पुन्हा पुन्हा धुतात, मगच विषाणू सोडतात. विषाणू वाढता वाढता त्या पेशीही नष्ट होतात. पुढे विषाणू निष्प्रभ करून शुद्ध करतात.

शुद्ध करतात म्हणजे काय? एका मिलिमीटरच्या लांबीत असे सुमारे दहा हजार विषाणू ओळीने मावतील. तिथे आपल्या घरची गाळणी काय करणार! डेअरीत दुधातून साय काढणारे यंत्र आपण पाहिले असेल. त्याच तत्त्वाचे, पण कितीतरी वेगाने फिरणारे अपकेंद्री यंत्र पेशींचा चोथा आणि विषाणू वेगळे करते. शुद्धीलाही मर्यादा आहे, हे लपवू नये. फ्लूच्या बहुतेक लशी कोंबडीच्या अंड्यांत वाढवितात व त्यांत अंड्यातील प्रथिनाचा अत्यल्प अंश राहू शकतो. मुलाला अंडे सोसत नसेल तर डॉक्टरांना आधी सांगावे.

हे ज्ञान परदेशातूनच येते असेही नाही. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था 1952 पासून काम करीत आहे. मार्च 2020 मध्ये तिने करोनाचा विषाणू रुग्णांच्या नमुन्यांतून वेगळा काढला. त्यावरूनच पुढे हैदराबादला कोव्हॅक्सीन बनली. 1978 मध्ये या संस्थेच्या संचालकपदी डॉ. खोर्शेद पावरी ही महिला आली. मुलींनी हे नाव वहीत टिपून ठेवावे.

2022 मध्ये आपल्या खाडीपलीकडे, गोवंडीत, गोवराची साथ आली. दगावलेल्यांत लस न घेतलेली बालके होती. तेव्हा पुढचे पत्रक कोरे परत करू नका. शंका असेल ती त्याच्या पाठीमागे लिहा. डॉक्टरांना विचारून मी उत्तर आणून देईन.