रंगाविना ओळख
(हीरकमहोत्सवी समारंभातील भाषण)



तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात पोथ्यांच्या सोबतीने एक निराळा ठेवा जपलेला आहे. सरफोजी राजे दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या त्या नोंदी होत. रोग्याची अवस्था, केलेले उपचार आणि आजारी डोळ्याचे रंगीत चित्र, असे त्यांचे स्वरूप आहे. जे दिसले ते नेमके टिपावे, ही शिस्त या मराठी राजाने कावेरीच्या प्रदेशात जोपासली.

परंतु डोळ्याला जे सहज दिसत नाही, ते कसे टिपावे? रक्तातील पांढऱ्या पेशी जवळजवळ पारदर्शक असतात. म्हणून त्यांना रंग देऊन त्यांचे प्रकार ओळखण्याची रीत पडली. रंगाविना ओळखण्याची वाट प्रकाशाच्याच एका गुणाने दाखविली. खिडकीच्या उभ्या गजांमधून ओवलेली दोरी केवळ वरखालीच हेलकावू शकते. त्याचप्रमाणे प्रकाशाची कंपने एकाच प्रतलात आणली, की त्यास ध्रुवित प्रकाश म्हणतात.

तंजावरच्या शेजारी तिरुचिरापल्लीत जन्मलेल्या चंद्रशेखर वेंकट रामन यांना १९२८ साली याच गुणाचे साहाय्य झाले. द्रवातून विखुरलेल्या प्रकाशात त्यांना आढळलेला नवा अंश ध्रुवित होता; तो साध्या प्रदीप्तीहून वेगळा असल्याचा हा महत्त्वाचा पुरावा ठरला. विखुरलेला प्रकाश ज्या पदार्थावरून आला, त्याची खूण सोबत आणतो.

पेशींच्या बाबतीतही हेच घडले. १९८७ साली नेदरलँड्समधील संशोधकांनी एकामागून एक वाहणाऱ्या पेशींवर ध्रुवित लेसर किरण टाकला आणि काटकोनात विखुरणारा प्रकाश मोजला. बहुतेक पांढऱ्या पेशींनी त्याचे ध्रुवण बव्हंशी कायम राखले. इओसिनोफिल पेशींनी मात्र, त्यांच्यातील विशिष्ट कणांमुळे, ते ठळकपणे बिघडविले. ॲलर्जीत आणि जंतांच्या विकारात वाढणाऱ्या या पेशी अशा रीतीने रंगाविना वेगळ्या पडल्या. पुढे रक्तगणनेच्या काही यंत्रांत हे तत्त्व रूढ झाले.

त्यातूनच एक अनपेक्षित लाभ झाला. हिवतापाचा परजीवी रक्तातील हिमोग्लोबिन पचवून हिमोझोइन नावाचे स्फटिक मागे ठेवतो. ते गिळलेल्या पांढऱ्या पेशीही ध्रुवण बिघडवितात. दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी १९९९ साली दाखवून दिले, की नेहमीच्या रक्तगणनेतच हिवतापाची अशी खूण उमटू शकते. ज्या तापकऱ्याच्या बाबतीत वैद्याला हिवतापाची शंकाच आली नव्हती, त्याच्यासाठी ही खूण प्राणरक्षक ठरू शकते.

तथापि खूण म्हणजे निदान नव्हे. संसर्ग कोवळा असता स्फटिक अल्प असतात आणि यंत्र फसते. रोग बरा झाल्यावरही पेशींत ते काही काळ उरतात आणि यंत्र पुन्हा फसते. म्हणून यंत्राने इशारा देताच कोणीतरी रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली धरून पाहावीच लागते. इशारा कागदावर उमटला आणि कोणी पाहिलेच नाही, तर सारी प्रकाशविद्या व्यर्थ होय.

तंजावरच्या त्या नोंदींचे मोल येथेच कळते. साधने पालटली, तरी रुग्णासमोर थांबून नीट पाहण्याचे आणि पाहिलेले प्रामाणिकपणे लिहिण्याचे काम अजून माणसाकडेच आहे. शाळेच्या प्रयोगवहीत पहिल्यांदा गिरविला जातो, तो हाच धडा.