घासागणिक इतिहास

(वर्धापनदिनाच्या सभेतील भाषण)



वर्धापनदिनी मशिदीचा इतिहास सांगण्याची रीत आहे. ते काम माझ्यापेक्षा जाणकार मंडळी करतीलच. मी एका परक्या शहरातून पायी केलेल्या फेरीविषयी बोलणार आहे. तिचा आपल्याशी काय संबंध, ते पुढे ध्यानात येईल.

मी हॉलंडमध्ये कापेल आन डेन आयसेल या गावी राहतो. रोटरडॅमला पूर्वेकडून लागून, नदीकाठी ते वसले आहे. १९५३ च्या महापुरात त्या देशात १,८३६ माणसे दगावली. त्यानंतर भरतीचे पाणी अडवणारा पहिला मोठा दरवाजा १९५८ साली आमच्याच गावापाशी सुरू झाला. तेथून मेट्रोने थोड्याच वेळात रोटरडॅमच्या ब्लाक स्थानकावर उतरता येते. वाटाड्याबरोबर हिंडत, ठिकठिकाणी काही चाखत शहर पाहण्याच्या फेऱ्या तेथे निघतात. बाजार मंगळवारी आणि शनिवारी भरतो. शब्बाथ सोडून आम्ही मंगळवार धरला.

बाजाराच्या जागेवरून पूर्वी रोट्टे नदी वाहत असे. सुमारे १२७० साली तिच्यावर डॅम म्हणजे बंधारा घातला, म्हणून गावाचे नाव रोटरडॅम. हे सांगत वाटाड्याने आम्हाला मासळीच्या गाडीपाशी नेले. मिठात मुरलेली हेरिंग मासळी, वर बारीक चिरलेला कच्चा कांदा. तेथील लोक शेपटी धरून ती तशीच तोंडात सोडतात. पत्नीने हळूच विचारले, "अहो, खवले आहेत ना?" हेरिंगला पर आहेत आणि खवलेही आहेत. शेजारच्या ताटातील वाम आणि कोळंबी आम्ही अर्थातच सोडली. कोकणातल्या माणसाला मासळीबाजारात काय घ्यावे आणि काय टाकावे हे शिकवावे लागत नाही!

समोरच २०१४ साली उघडलेली मार्केट हॉलची भव्य इमारत आहे. तिचा पाया खणताना जुन्या वस्तीचे अवशेष सापडले. ते जिन्यालगत मांडून ठेवले आहेत. वर मिठाई, खाली पूर्वजांची भांडीकुंडी. पुढे सुरिनामी लोकांचा 'बारा' खाल्ला. तो आपल्या उडदाच्या वड्याचा चुलतभाऊच! १८७३ साली 'लाला रूख' जहाजातून कलकत्त्याहून सुरिनामला मजूर नेले. त्यानंतर गेलेल्या हजारो मजुरांची नातवंडे-पतवंडे पुढे हॉलंडात आली. भाषा बदलली, पण वडा राहिला.

शेवटी नदीकाठी बोम्प्येस या रस्त्यावर आलो. तेथे यहुदी लोकांचे मोठे सिनेगॉग होते. १४ मे १९४० रोजी जर्मन विमानांनी जेमतेम पाव तासात शहराचा मध्यभाग जाळला, त्यात ते गेले. नदीपलीकडच्या चोवीस नंबरच्या गुदामातून ३० जुलै १९४२ पासून यहुद्यांना छावण्यांकडे रवाना केले गेले. वाटाड्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवून बोलत होता. तेथे आम्हाला खायला काही दिले नाही, आणि कोणी मागितलेही नाही. त्या भक्तांच्या घरी सणाला काय शिजत असे, हे आता कोणाला विचारायचे?

बंधू-भगिनींनो, खाण्याला आणि इतिहासाला एकत्र बांधण्याची कला आपल्याला नवी नाही. आपल्या पूर्वजांजवळ पोथ्या नव्हत्या, तेव्हा त्यांनी पदार्थांच्या नावांवर दिवस जपले. खिरीचा सण घ्या. बिरड्याचा रोजा घ्या. यरुशलेमचे मंदिर पडल्याचे दुःख कोकणातल्या तेल्याच्या घरी वालाच्या बिरड्यासोबत आठवले जाई.

मुंबईच्या मांडवीत मात्र गोष्ट उलटी आहे. रोटरडॅमला वास्तू गेली. आपल्याकडे सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ साली स्थापलेल्या शाआर हाराहमीमची परंपरा आहे, सॅम्युएल स्ट्रीट आहे, पण इस्राएल मोहल्ल्यातली आपली बिऱ्हाडे इस्राएलला आणि इतरत्र गेली. आज तेथे फेरी काढली, तर कोणत्या जिन्यावर नारळाच्या दुधाचा चिकाचा हलवा ढवळला जाई, मलिद्याचे पोहे कोठून येत, हे वाटाड्याला कोण सांगणार? ते आपल्यालाच ठाऊक आहे, आणि आपण साठी-सत्तरी ओलांडलेली माणसे आहोत.

म्हणून माझी विनंती एवढीच. पुस्तक लिहायला नको. एका कागदावर आपली गल्ली काढा, मग ती मांडवीची असो, नौगावची असो वा रेवदंड्याची. प्रत्येक घरापुढे तेथे राहणाऱ्याचे आडनाव आणि त्या घरचा एक पदार्थ लिहा. नातवंडांना समोर बसवून त्या गल्लीतून बोटाने फिरवा, आणि तो पदार्थ त्यांच्या हातावर ठेवा. मराठी त्यांना कळली नाही तरी चव कळेल. चवीमागून प्रश्न येईल, तेव्हा उत्तर द्यायला आपण असलो म्हणजे झाले.