श्रोत्यांचा कौल

गाणारा गातो आणि ऐकणारा ऐकतो, एवढाच जलशाचा अर्थ असता, तर ऐकणाऱ्याच्या मताला फारशी किंमत उरली नसती. परंतु जलसा हा दोघांच्या भागीदारीचा व्यवहार आहे. मराठी संगीत नाटकाच्या भरभराटीच्या काळांत प्रेक्षकांनीं 'वन्स मोअर' असा पुकारा केला, म्हणजे नट तेंच पद पुन्हां गाई आणि कथानक तेवढा वेळ ताटकळत उभें राही. ज्यांना गाणें हवें असे ते खूष होत. ज्यांना नाटक हवें असे ते कपाळाला आठ्या घालीत. श्रोत्यांच्या मताची कलेवर केवढी सत्ता चालते, याचा अनुभव मराठी माणसास त्यामुळें नवा नाहीं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिका व इंग्लंड या देशांतील रॉक संगीताच्या जलशांनीं तोच अनुभव फार मोठ्या प्रमाणावर आणून दिला. त्यांतील कांहीं प्रसंग विचार करण्याजोगे आहेत.

रॉक हें संगीत इ. स. १९५० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत उदयास आलें. तेथील कृष्णवर्णीय समाजाचें ब्लूज गायन आणि गोऱ्या खेडुतांचीं कंट्री गाणीं यांच्या मिश्रणांतून तें निपजलें. विजेच्या साहाय्यानें आवाज वाढविणाऱ्या गिटारी, ड्रमचा जोरकस ठेका आणि मोकळ्या गळ्यानें गाणारा गायक हीं त्याचीं मुख्य अंगें होत. या संगीताच्या तबकड्या लाखांनीं खपल्या. तरी त्याच्या चाहत्यांत एक समजूत पहिल्यापासून दृढ आहे कीं, गायकवादकांची खरी पारख तबकडीवर होत नाहीं. ती समोरासमोर बसूनच व्हावयाची. मग समोर बसणाऱ्यानें आपलें मत केव्हां द्यावें, कसें द्यावें आणि तें मिळविण्यासाठीं काय करावें, हे प्रश्न ओघानेंच येतात.

लिव्हरपूल शहराच्या 'बीटल्स' या चौघांच्या संचास जें अलोट प्रेम लाभलें, तें फार थोड्या कलावंतांच्या वांट्यास आलें असेल. १५ ऑगस्ट १९६५ रोजीं न्यूयॉर्क येथील शे स्टेडियम या खेळाच्या मैदानावर त्यांचा जलसा झाला, तेव्हां सुमारें ५५,६०० माणसें जमलीं होतीं. गाणीं अवघीं बारा, आणि वेळ अर्ध्या तासाचा. व्हॉक्स कंपनीचे शंभर वॅटचे ध्वनिवर्धक त्यांच्याजवळ होते, आणि गायकांचा आवाज मैदानावरील कर्ण्यांतून सोडला होता. पण हजारों तरुण कंठांतून निघणाऱ्या किंकाळ्यांपुढें या यंत्रांचा निभाव लागला नाहीं. गाणाऱ्यांना आपला आवाज आपल्यालाच ऐकूं यावा म्हणून रंगमंचावर त्यांच्याकडे तोंड करून कर्णे ठेवण्याची पद्धति तेव्हां रूढ झाली नव्हती. ड्रम वाजविणारे रिंगो स्टार यांनीं पुढें सांगितलें आहे कीं, पुढें उभे असलेले साथीदार कसे हालतात हें पाहून गाणें कोठवर आलें हें ताडावें लागे.

या आरोळ्यांत द्वेषाचा लवलेशहि नव्हता. तें निखळ प्रेम होतें. परंतु गाणें साधलें काय आणि बिघडलें काय, तें कोणासच कळेना. चांगलें वाजविलें तरी तीच किंकाळी आणि वाईट वाजविलें तरी तीच किंकाळी, अशी अवस्था झाली म्हणजे वाजविणाऱ्याचा हात हळूहळू सैल पडतो. ही गोष्ट त्या चौघांच्याहि ध्यानांत आली. २९ ऑगस्ट १९६६ रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथील कँडलस्टिक पार्क या मैदानावर त्यांनीं तिकीट लावून केलेला शेवटचा जलसा झाला. दौऱ्यांचा शीण, त्या वर्षीं मिळालेल्या धमक्या अशीं दुसरींहि कारणें होतीं; पण आपलें गाणें कोणी ऐकतच नाहीं, हें कारण त्यांत लहान नव्हतें. यापुढें त्यांनीं आपलें सारें कौशल्य ध्वनिमुद्रणाच्या खोलींत ओतलें. तबकड्या उत्तमोत्तम निघाल्या. मात्र प्रत्यक्ष गायनास त्यांचे चाहते मुकले, आणि त्यांतील कांहीं दोष त्या चाहत्यांकडेच जातो.

या चौघांपैकीं जॉर्ज हॅरिसन हे पंडित रविशंकर यांचे शिष्य. बांगलादेशाच्या निर्वासितांवर ओढवलेलें संकट रविशंकरांनीं त्यांच्या कानावर घातलें, आणि १ ऑगस्ट १९७१ रोजीं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन या सभागृहांत मदतीसाठीं एकाच दिवशीं दोन जलसे झाले. आरंभ हिंदुस्थानी वादनानें व्हावयाचा होता. सतारीवर रविशंकर, सरोदावर अली अकबर खाँ आणि तबल्यावर अल्लारखाँ असे तिघे जुळून आले होते. वाद्यें सुरांत मिळवून झालीं, तोंच सभागृहांत टाळ्यांचा कडकडाट झाला! श्रोत्यांना वाटलें, एक चीज वाजवून झाली. रविशंकरांनीं हंसून आभार मानले, आणि नुसतें वाद्य मिळविणें इतकें आवडलें असेल तर प्रत्यक्ष वादन अधिकच आवडेल, अशी आशा व्यक्त केली. या टाळीला अज्ञान म्हणतां येईल, आणि तें होतेंहि. तथापि शे स्टेडियमवरील किंकाळीहून ती निराळी होती. येथें हजारों माणसें एका अपरिचित संगीताकडे कान लावून बसलीं होतीं, म्हणून त्यांची चूक लगेच सुधारतां आली. जो ऐकतो त्याला शिकवितां येतें. जो ओरडतो त्याला काय शिकविणार?

प्रेमाचा विचार झाला, आतां रोषाचा. अमेरिकन गीतकार बॉब डिलन हे प्रारंभीं एक साधी गिटार व तोंडानें वाजवावयाची हार्मोनिका घेऊन एकटेच गात. कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठीं २८ ऑगस्ट १९६३ रोजीं वॉशिंग्टन येथें जो प्रचंड मोर्चा निघाला, त्यांतहि ते गायिले होते. लोकगीतांच्या भक्तांना ते आपल्या पक्षाचे वाटत; त्यांच्या गाण्यांतील शब्द म्हणजे त्यांना केवळ करमणूक नव्हती, ती एक साक्ष होती. अशा स्थितींत २५ जुलै १९६५ रोजीं न्यूपोर्ट येथील लोकसंगीताच्या उत्सवांत डिलन विजेची गिटार व साथीदार घेऊन उभे राहिले आणि तीन गाणीं कर्कश आवाजांत गायिले. समुदायांतून हुर्यो उठली. ती कशाबद्दल होती, याविषयीं मात्र त्या ठिकाणीं हजर असलेल्यांचेंहि एकमत नाहीं. कोणी म्हणतात, विजेची गिटार पाहून लोक संतापले. कोणी म्हणतात, ध्वनियंत्रणा बिघडल्यामुळें शब्द ऐकूं येत नव्हते. कोणी म्हणतात, तीनच गाण्यांवर बोळवण झाली याचा तो राग होता. ज्येष्ठ लोकगायक पीट सीगर त्या रात्रीं फार चिडले होते. शब्द कळेनात म्हणून आपणांस राग आला, एरव्हीं नाहीं, असा खुलासा त्यांनीं पुढें केला. शेवटीं डिलन साधी गिटार घेऊन एकटेच परत आले व दोन गाणीं म्हणाले, तेव्हां कोठें समुदाय शांत झाला.

पुढल्या वर्षीं इंग्लंडच्या दौऱ्यांत हें भांडण विकोपास गेलें. १७ मे १९६६ रोजीं मँचेस्टर येथील फ्री ट्रेड हॉलमध्यें पूर्वार्धांत डिलन एकटे गायिले. त्या वेळीं सभागृह चित्रासारखें स्तब्ध होतें. उत्तरार्धांत साथीदार आले, विजेचीं वाद्यें वाजूं लागलीं, आणि त्याच सभागृहांत संथ, उपहासाच्या टाळ्या सुरू झाल्या. शेवटच्या गाण्यापूर्वीं एकानें 'जूडास!' अशी आरोळी ठोकली. जूडास म्हणजे येशू ख्रिस्तास दगा देणारा शिष्य. त्याहून कडवी शिवी ख्रिस्ती समाजांत शोधून सांपडणार नाहीं. डिलननीं त्याचें म्हणणें खोटें ठरविलें, साथीदारांना खूप मोठ्यानें वाजविण्यास सांगितलें आणि 'लाइक अ रोलिंग स्टोन' हें गाणें सुरू केलें. या जलशाचें ध्वनिमुद्रण कित्येक वर्षें चोरट्या तबकड्यांतून फिरत होतें, आणि तेंहि लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलचें म्हणून! अधिकृत रीत्या तें १९९८ सालीं प्रसिद्ध झालें. ज्या वादनावर हुर्यो उडाली, तेंच आज रॉकच्या उत्कृष्ट जलशांत गणलें जातें. १९७४ सालीं डिलननीं बहुतेक त्याच साथीदारांसह पुन्हां दौरा काढला, तेव्हां त्याच धर्तीच्या गाण्यांना लोकांनीं टाळ्या दिल्या.

यावरून हुर्यो करणारे मूर्ख होते असें म्हणणें अन्यायाचें होईल. शब्द बुडतात ही त्यांची तक्रार खरी होती, आणि ज्या गाण्यांनीं आपणांस धीर दिला तीं हातचीं जातात कीं काय, ही त्यांची भीति तर त्याहून खरी होती. पूर्वार्ध त्यांनीं मन लावून ऐकला, यांतच त्यांची योग्यता दिसते. उणें एवढेंच कीं, उत्तरार्धाविषयींचें मत त्यांतील पुष्कळजण घरूनच बांधून आले होते. श्रोत्याला नापसंतीचा अधिकार आहे. पण तो अधिकार ऐकल्यानंतरचा आहे, ऐकण्यापूर्वींचा नाहीं.

हा अधिकार नीट कसा वापरावा, याचा पाठ 'ग्रेटफुल डेड' या कॅलिफोर्नियांतील संचाच्या चाहत्यांनीं घालून दिला. १९६५ पासून १९९५ पर्यंत तीस वर्षांत या संचानें सुमारें २,३०० जलसे केले. गाण्यांचा क्रम रोज निराळा, आणि एकच गाणें आज आठ मिनिटें तर उद्यां वीस मिनिटें चाले. आपल्याकडील गवई एकच राग रोज नव्यानें मांडतो, त्यासारखाच हा प्रकार. त्यामुळें एक जलसा ऐकून दुसऱ्याविषयीं मत देतां येत नसे. चाहते आपलें ध्वनिमुद्रणाचें यंत्र घेऊन येत. संचानें त्यांना मज्जाव तर केला नाहींच, उलट १९८४ पासून त्यांच्यासाठीं निराळीं तिकिटें काढून बसण्याची वेगळी जागा नेमून दिली. दंडक एकच होता: फिती अदलाबदल कराव्या, विकूं नयेत. अशा रीतीनें घरोघर फितींचे संग्रह जमले, तारखांवार टांचणें झालीं, आणि कोणत्या रात्रीं कोणतें गाणें अधिक रंगलें यावर वर्षानुवर्षें वाद चालूं लागले.

८ मे १९७७ रोजीं कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्यें झालेला त्यांचा जलसा सर्वश्रेष्ठ, असें पुष्कळांचें मत आहे. इतर म्हणतात, त्या रात्रीची फीत स्वच्छ निघाली व सर्वत्र पोंचली, म्हणून तिची एवढी कीर्ति. आणखी कांहींजण २७ ऑगस्ट १९७२ चा ऑरेगॉन प्रांतांतील व्हेनिटा येथील जलसा वरचढ ठरवितात. कॉर्नेलच्या ध्वनिमुद्रणास अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयानें जतन करण्याजोग्या मुद्रणांच्या २०११ च्या यादींत स्थान दिलें, तरी हा वाद मिटला नाहीं. आणि तो मिटूं नये हेंच बरें. कारण प्रत्येकाच्या हातीं पुरावा आहे, प्रत्येकानें तो अनेकदां ऐकला आहे, आणि मतभेद असूनहि कोणी कोणाच्या गाण्यावर ओरडत नाहीं.

आज ध्वनिमुद्रणाचें यंत्र प्रत्येकाच्या खिशांत आहे. गाणें सुरू होतांच हजारों हात फोन घेऊन वर होतात. तिकीट ज्याला परवडत नाहीं, त्याला घरबसल्या कांहीं तरी पाहावयास मिळतें, असें एक पक्ष म्हणतो. मागें बसलेल्यास रंगमंच दिसत नाहीं आणि फोन धरणाऱ्याचेंहि लक्ष गाण्यावरून उडतें, असें दुसरा पक्ष म्हणतो. बॉब डिलन यांच्या २०२२ सालच्या इंग्लंडच्या दौऱ्यांत श्रोत्यांचे फोन प्रवेशद्वारापाशींच पिशव्यांत बंद करण्यांत आले. त्यावरहि दोन तट पडले. दोन्ही पक्षांत तथ्य आहे. परंतु ग्रेटफुल डेडचा चाहता यंत्र लावून आपल्या जागीं निमूट बसे आणि कान गाण्याकडे ठेवी. आजच्या श्रोत्यानें तेवढें पथ्य पाळलें, तर पिशव्यांना कुलूप लावण्याची वेळ क्वचितच येईल.

कलावंतानें श्रोत्यांच्या मताचा मान राखावा, हें खरेंच. त्यासाठीं लोक पैसा, वेळ आणि कधीं कधीं आयुष्यांतील सर्वांत उत्कट अशीं वर्षें खर्च करतात. पण मानास पात्र व्हावयाचें तर त्या मतामागें ऐकण्याचे कष्ट हवेत. शे स्टेडियमवर प्रेम होतें आणि ऐकणें नव्हतें. मँचेस्टरला ऐकणें होतें, पण तें अर्ध्यावर सुटलें. रॉकचा जलसा असो कीं रात्रभर चालणारें गायन असो, श्रोत्याचें कर्तव्य क्रमानें दोनच गोष्टींत सांगतां येईल: आधीं कान द्यावा, मग मत द्यावें.