मरणोत्तर देहदान नव्हे, जीवदान

(सुवर्णमहोत्सवी सभेंत केलेलें भाषण)



प्राचीन इस्राएल लोकांत पन्नासावें वर्ष आलें म्हणजे गहाण पडलेली जमीन मूळ धन्याला परत मिळे व दास बंधमुक्त होत. ज्युबिली म्हणजे केवळ उत्सव नव्हे. जें आपणांपाशीं ठेव म्हणून आहे तें आनंदानें परत करण्याचा तो काळ होय. मग ज्या देहाला आपण 'माझा' म्हणतों, तो तरी देवाची ठेवच नाहीं काय? या सुवर्णमहोत्सवीं आम्ही त्या ठेवीविषयींच चार शब्द बोलूं इच्छितों.

मनुष्य निवर्तल्यावर त्याचें हृदय, यकृत, फुप्फुसें व मूत्रपिंडें मरणाच्या दारीं टेकलेल्या रुग्णांस बसवितां येतात, आणि डोळ्यांवरील पारदर्शक पटलानें आंधळ्यांस दृष्टि येते. एका दात्यापासून आठ जणांचे प्राण वांचूं शकतात. असें असतां आपण हें सर्व मातीच्या स्वाधीन करतों, तें कां?

पहिली शंका श्रद्धेची आहे. देह अपुरा पुरला, तर शेवटल्या दिवशीं तो पुरा कसा उठेल? बंधूंनो, जे हुतात्मे अग्नींत भस्म झाले, जे आमचे कोळी बांधव समुद्रांत बुडाले, त्यांना उठविणें ज्या प्रभूस कठीण नाहीं, त्याचें आमच्या एका नेत्रावांचून अडेल काय? नेत्रपटलाच्या दानानें मृताच्या देहाची विटंबना होत नाहीं, असा निर्वाळा पोप बारावे पायस यांनीं १९५६ सालींच दिला. पोप दुसरे जॉन पॉल यांनीं १९९५ च्या परिपत्रांत अवयवदानाची गणना नित्य जीवनांतील शौर्यांत केली. मात्र दान स्वखुषीचें असावें, त्याचा व्यापार होऊं नये, व दात्याचें मरण निश्चित झालेलें असावें, हा ख्रिस्तसभेचा आग्रह आहे.

दुसरी शंका भयाची आहे. डॉक्टर घाई तर करणार नाहींत ना? मेंदूचें कार्य कायमचें थांबलें तरी यंत्राच्या साहाय्यानें श्वास व हृदय कांहीं वेळ चालूं राहतें. त्या वेळीं हृदयादि अवयव घेतां येतात. परंतु आपल्या देशाच्या १९९४ च्या कायद्यान्वयें चार डॉक्टरांच्या मंडळानें निदान सहा तासांच्या अंतरानें दोनदां तपासून मृत्यु ठरवावा लागतो, व अवयव बसविणाऱ्या डॉक्टरांस त्या मंडळांत स्थान नसतें. अवयवांच्या खरेदीविक्रीसही शिक्षा आहे. नेत्रदान तर घरीं मरण आलें तरी होतें. तें सहा तासांच्या आंत व्हावें, एवढेंच.

तिसरी अडचण आपल्या मौनाची आहे, आणि तीच सर्वांत मोठी. आपण प्रतिज्ञापत्र भरलें तरी ऐन घटकेला संमति आप्तांकडेच मागितली जाते. त्यांनीं नाहीं म्हटलें कीं दान राहिलें. १९९४ सालीं इटलींत प्रवास करणाऱ्या निकोलस ग्रीन या सात वर्षांच्या अमेरिकन मुलाचा चोरांच्या गोळीनें अंत झाला. ज्या भूमींत पुत्र गमावला, तेथीलच सात जणांस त्याच्या आईबापांनीं त्याचे अवयव व नेत्रपटलें दिलीं. त्या देशांत पुढें अवयवदान पुष्कळ वाढलें. रडतां रडतां 'होय' म्हणणें सोपें नव्हे. मरणाऱ्याची इच्छा आधीं ठाऊक असेल, तर तें ओझें पुष्कळ हलकें होतें.

म्हणून आमची विनंति एवढीच, कीं आज रात्रीं जपमाळेची प्रार्थना झाल्यावर घरांतील वडील माणसानें उठूं पाहणाऱ्या मुलांना क्षणभर बसवावें, आणि आपल्या मागें आपल्या देहाचें काय व्हावें तें स्पष्ट शब्दांत सांगावें. मुलांनींही 'अभद्र बोलूं नका' म्हणून त्यांस थांबवूं नये. त्या घटकाभराच्या बोलण्यानें कोण्या अनोळखी घरची चूल व दिवा उद्यां विझतां विझतां राहील. प्रभु आपणांस तें बोलण्याचें धैर्य देवो.