भिंतीतला नळ बोलतो तेव्हा
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



मी काही विदुषी नाही. मला बोलायचे आहे ते घरातल्या नळाच्या आवाजाविषयी.

मागे एका आषाढात माउलींची पालखी नातेपुत्यात मुक्कामाला होती. आमच्या अंगणातल्या नळावर दिवसभर वारकऱ्यांची रीघ. तोटी बंद झाली की भिंतीत धप्प! सासूबाई म्हणाल्या, "अगं, भिंतीत मुसळ कोण आपटतंय?" आम्ही ते हसण्यावारी नेले. महिन्याभरात भिंतीला ओल आली. फोडून पाहिले, तर पाइपाचा सांधा सुटलेला!

असे का होते? पाइपात पाणी धावत असते. तोटी एकाएकी मिटली की मागचा लोंढा तिच्यावर आदळतो. सेकंदाला १ मीटर वेगाचे पाणी लोखंडी पाइपात असे अडवले, तर १०० मीटरांहून उंच टाकीखाली असावा एवढा जादा दाब क्षणभर उठतो. रशियन शास्त्रज्ञ झुकोव्स्की यांनी १८९८ साली याचे गणित मांडले. जुनी फिरकीची तोटी सावकाश मिटे. हल्लीची पाव फेऱ्यात मिटते, म्हणून दणका जास्त.

आता उपाय. धप्प आवाज येत असेल तर तोटी हळू मिटावी. भिंतीवरचा पाइप हाताला हलत असेल, तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून तो क्लॅम्पने पक्का करावा. फिरकीची तोटी घरघरत असेल तर आतला वायसर झिजलेला असतो. मुख्य चावी बंद करून पान्याने तोटी उघडावी आणि जुना वायसर दुकानात दाखवून तसाच नवा आणावा. टाकी भरत येताना थडथड झाली तर बॉलकॉक हिंदकळतो आहे असे समजावे. त्याचाही वायसर बदलावा, दांडी घट्ट करावी. पाणी येताना नळ फुसफुसला तर पाइपात हवा आहे. तोटी थोडीच उघडून ती आधी जाऊ द्यावी. एवढे करूनही धप्प थांबले नाही, तर मात्र जाणता प्लंबर बोलवावा.

भगिनींनो, प्रश्न केवळ झोपमोडीचा नाही. दणक्यांनी सांधे सैल होतात. रस्त्यापासून घरापर्यंतचा पाइप कित्येकदा गटाराच्या कडेनेच आलेला असतो. ठरावीक वेळी येणारे पाणी गेले की पाइप रिकामा होतो, आणि सैल सांध्यातून गटाराची घाण आत ओढली जाते. कोणी नळालाच मोटर लावली तर ही ओढ आणखी वाढते. दुसऱ्या दिवशी तेच पाणी आपल्या, कदाचित शेजारच्याही, तान्ह्या बाळाच्या वाटीत येते. म्हणून आवाज माझ्या भिंतीतला असला तरी काळजी साऱ्या आळीची आहे.

माझी मंडळाला एक सूचना आहे. मंडळाच्या कपाटात एक पाना आणि पाच-दहा वायसर ठेवावेत. ज्या भगिनीला लागतील तिने न्यावेत, आणि काम झाल्यावर पाना आठवणीने परत करावा! वायसर बदलणे भाकरी थापण्यापेक्षा अवघड नाही, हे मी स्वतः करून पाहिले आहे. ज्यांना शिकायचे असेल त्यांनी माझ्या घरी अवश्य यावे, चहाही होईल.