विजेची मोटार आणि दूरचा पल्ला



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर इतिहास, वाङ्मय, अर्थकारण असे भारदस्त विषय शोभतात. त्या पंक्तीत मोटारीच्या प्रवासाचा विषय थोडा हलका वाटेल, याची मला कल्पना आहे. परंतु विजेवर चालणाऱ्या मोटारी आता आपल्या गावात रोज दिसू लागल्या आहेत, आणि त्यांच्याविषयी जो प्रश्न घरोघर विचारला जातो तो काही हलका नाही. “गावात ठीक आहे हो, पण लांब जायचे म्हणजे काय?” असा तो प्रश्न. बरोबर वृद्ध आई आहे, मागच्या बाकावर मुले झोपली आहेत, रात्रीचे दहा वाजले आहेत आणि गाडीतली वीज संपत आली आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आले की भलाभला माणूस दोन पावले मागे सरतो. ही धास्ती खोटी नाही. मात्र तिच्यावरचा उपाय मोठी गाडी घेणे हा नसून नीट हिशेब करणे हा आहे, आणि तो हिशेब चौथीतल्या मुलाला येणाऱ्या बेरीज-वजाबाकीचा आहे. तोच मी आज आपल्यापुढे मांडणार आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेऊ. प्रवास आखून करणे ही आपल्याला नवी गोष्ट नाही. बैलगाडीच्या काळी घाटावरून कोकणात उतरणारा गाडीवान आधी मुक्काम ठरवी. पाणी कोठे, चारा कोठे, चढ लागण्यापूर्वी बैलांना विसावा कोठे द्यायचा, हे त्याच्या डोक्यात पक्के असे. बैल थकून बसल्यावर पाणी शोधायचे नसते, हे त्याला कोणी शिकवावे लागत नव्हते. पेट्रोलच्या मोटारीलाही आरंभी हे चुकले नाही. १८८८ च्या ऑगस्टात बर्था बेंझ ही जर्मन बाई आपल्या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्ट्झहाइमला मोटारीने गेली. शंभर किलोमीटरच्या पुढचा तो मोटारीचा पहिला मोठा प्रवास. तेव्हा पेट्रोलपंप कोठून असणार? वाटेत वीसलोख या गावी औषधाच्या दुकानातून तिने इंधन विकत घेतले आणि चढावर मुलांनी गाडी ढकलली. पुढे जागोजाग पंप झाले आणि प्रवास आखण्याची आपली सवय मोडली. विजेच्या मोटारीने ती सवय पुन्हा लावली आहे, इतकेच.

आता हिशेबाकडे वळू. आपल्या घरच्या विजेच्या बिलात जे युनिट असते, तेच मोटारीच्या बॅटरीचे माप. २०२० च्या जानेवारीत बाजारात आलेल्या टाटांच्या नेक्सॉन या विजेच्या गाडीची बॅटरी ३०.२ युनिटांची होती. आज ४५ पासून ७९ युनिटांपर्यंतच्या बॅटऱ्या असलेल्या गाड्या मिळतात. त्या ३० युनिटांच्या गाडीचा प्रमाणपत्रातला पल्ला ३१२ किलोमीटर होता. पण हा आकडा ठरावीक पद्धतीने, प्रयोगशाळेत घेतलेल्या चाचणीचा असतो. महामार्गावर चार माणसे आणि सामान घेऊन निघालात, तर त्याचा साधारण दोनतृतीयांश हिस्सा आपला समजावा. म्हणजे एका किलोमीटरला सुमारे दीडदशांश युनिट आणि पूर्ण बॅटरीत दोनशे किलोमीटर.

गाडीच्या पडद्यावर जो पल्ला दिसतो, त्यावरही डोळे मिटून विसंबू नये. आतापर्यंत गाडी कशी चालली, यावरून तो अंदाज केलेला असतो. पुढे घाट आहे की समोरून वारा, हे त्या आकड्याला पुष्कळदा ठाऊक नसते. गावात सावकाश फिरलेली गाडी सकाळी मोठा आकडा दाखवते आणि महामार्गाला लागताच तो झरझर उतरू लागतो. कारण विजेच्या गाडीचा स्वभाव पेट्रोलच्या गाडीच्या उलट आहे. ती गावात काटकसरी आणि महामार्गावर खर्चिक असते. म्हणून पडद्यावरच्या किलोमीटरांपेक्षा बॅटरीचे शेकडा प्रमाण पाहावे आणि हिशेब आपला आपण करावा.

कोल्हापूरकराला सर्वांत भय वाटते ते घाटाचे. ते कितपत खरे, हे पाहू. माणसांसह १,७०० किलो वजनाची गाडी ६०० मीटर उंच चढवायला निव्वळ पावणेतीन युनिटे लागतात. यंत्रातली घट धरली तरी सव्वातीनच्या आसपास. म्हणजे कोकणातून घाटमाथ्यावर येण्याचा जादा दंड वीसएक किलोमीटरांच्या पल्ल्याएवढा. उलट घाट उतरताना हीच मोटार जनित्रासारखी फिरते आणि त्या विजेचा बराच भाग बॅटरीत परत येतो. मात्र बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर परत येणारी वीज ठेवायला जागाच नसते. म्हणून घाट उतरण्यापूर्वी माथ्यावर बॅटरी पूर्ण भरू नये. भरल्या घागरीत आणखी पाणी मावत नाही, तसलाच हा प्रकार.

खरा खर्च करतो तो वेग. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० ऐवजी १०० किलोमीटरने गेलात तर तो दीडपटीहून अधिक होतो. कोल्हापूर ते पुणे हे २३० किलोमीटर अंतर घ्या. १०० च्या वेगाने गेल्यास हिशेबी पाऊण तासाहून काही कमीच वेळ वाचेल. परंतु ढोबळ मानाने आठनऊ युनिटे जास्त जातील आणि ती भरण्यासाठी थांबण्यात त्यातला निम्मा वेळ तरी खर्ची पडेल. उन्हाळ्यात गारव्याचे यंत्र बंद करून घामाने डबडबत बसणारे लोक असतात. ते यंत्र तासाला युनिट-दीड युनिट घेते. त्यापेक्षा वेग दहाने उतरवावा. आई सुखात राहते आणि वीजही वाचते.

आता पुण्याचाच प्रवास आखून पाहू. गाडी तीच जुनी, ३० युनिटांची. घरून पूर्ण भरून निघालो. सातारा सुमारे १२० किलोमीटर, म्हणजे खर्च १८ युनिटे, उरली १२, शेकडा ४०. पुढे पुणे ११० किलोमीटर, मध्ये खंबाटकी आणि कात्रज. त्यासाठी साडेसतरा-अठरा युनिटे धरू. शिवाय पोहोचताना पाच-सहा युनिटे शिल्लक हवीत. म्हणजे साताऱ्याहून निघताना २४ युनिटे, शेकडा ८० पाहिजेत. साताऱ्यात १२ युनिटे भरायची. तीस किलोवॉटच्या जलद यंत्रावर हे काम अर्ध्या तासाचे. तेवढ्यात जेवण होते, मुलांचे पाय मोकळे होतात. हा थांबा पेट्रोलच्या गाडीतही आपण घेतच होतो.

शेकडा ८० वरच का थांबायचे, असे कोणी विचारील. खासबागेत कुस्त्यांचे मैदान भरताना आपण पाहिले आहे. पहिली माणसे येतात आणि दिसेल तेथे बसतात. शेवटी येणाऱ्याला मात्र फट शोधत, पाय चुकवत सरकावे लागते. बॅटरीचेही तसेच. वरचा पाचवा हिस्सा भरायला इतका वेळ लागतो की तेवढ्यात पुढचा बराच मार्ग कापून होतो. वाटेत ऐंशीपर्यंत आणि घरी रात्रभर शंभरपर्यंत, असा नियम ठेवावा.

दुसरा प्रवास रत्नागिरीचा. मलकापूर, आंबा, साखरपा, पालीमार्गे १३० किलोमीटर. जाताना उतार असल्यामुळे सुमारे १८ युनिटांत आपण समुद्रावर पोहोचतो, १२ उरतात आणि गाडी भारी काटकसरी निघाली असे वाटते. येताना मात्र तेच अंतर साडेबावीस-तेवीस युनिटे मागते. राखीव धरता गाडी जवळजवळ पूर्ण भरूनच निघाले पाहिजे. तात्पर्य, कोकणच्या प्रवासात पोहोचण्याचा हिशेब करून भागत नाही. परतीचा हिशेब आधी करावा लागतो. रात्री जेथे उतरणार तेथे पंधरा अँपिअरचा साधा प्लग मिळाला तरी तासाला तीनेक युनिटे, म्हणजे सहासात तासांत काम होते. परंतु उतरण्याची जागा ठरवतानाच हे विचारून घ्यावे, आणि अर्थिंग नीट आहे ना, याची खात्री करून घ्यावी. जुन्या वायरिंगवर, लांबलचक जोडवायरीने रात्रभर गाडी लावणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे.

आता सर्वांत महत्त्वाचा नियम. चार्जिंगचे एकच केंद्र धरून कधीही निघू नये. यंत्र बिघडलेले असू शकते, त्या भागात वीज गेलेली असू शकते, दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुटीत आपल्यापुढे तीन गाड्या उभ्या असू शकतात. भरवशाच्या म्हशीला टोणगा, ही म्हण येथे फार महाग पडते. म्हणून पहिल्या केंद्रावर पोहोचताना इतकी वीज शिल्लक असावी की ते बंद निघाले तरी दुसऱ्यावर जाता येईल. शेकडा २० शिल्लक ठेवा असे जे सांगतात, त्याचा अर्थ हाच. निघण्यापूर्वी दोन्ही केंद्रे फोनवर पाहून ठेवावीत आणि तेथे अलीकडे कोणाची गाडी भरली गेली की नाही, हे तपासावे. वेगवेगळ्या कंपन्यांची अ‍ॅप्स घरीच उघडून त्यांत थोडे पैसे भरून ठेवावेत. घाटात, फोनला रेंज नसताना, हे उद्योग होत नाहीत.

पावसाळ्यात तर हा राखीव साठा वाढवावाच लागतो. २०१९ च्या ऑगस्टात आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत शिरोलीजवळ महामार्गावर पंचगंगेचे पाणी आले आणि वाहतूक बंद पडली, हे या सभागृहात कोणाला सांगायला नको. घाटात दरड कोसळली की मागे फिरून दुसरा घाट धरावा लागतो. पेट्रोलची गाडी असा वळसा सहज घेते. विजेच्या गाडीला तो घेता यावा एवढी तरतूद आपण आधीच करायला हवी. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे खरेच. पण अंथरुणाचे एक टोक दुमडून ठेवावे, असे मी म्हणेन.

कोणी म्हणेल, एवढी कटकट करून खरोखर लांब जाता येते काय? २०२३ च्या फेब्रुवारीत विजेवर चालणाऱ्या एका नेक्सॉन गाडीने काश्मीर ते कन्याकुमारी हे ४,००३ किलोमीटरांचे अंतर ९५ तास ४६ मिनिटांत तोडले. त्यातले सुमारे २८ तास चार्जिंगचे होते. आपल्या एस. टी.चे उदाहरण तर आणखी जवळचे. १ जून १९४८ रोजी एस. टी.ची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला गेली. १ जून २०२२ रोजी त्याच मार्गावर विजेवर चालणारी ‘शिवाई’ धावली. एस. टी. हे धाडस म्हणून करीत नाही. मार्ग ठरलेला, अंतर ठाऊक, चार्जिंगची जागा ठरलेली, म्हणून ते नित्याचे काम होते. खाजगी गाडीलाही हीच शिस्त लावली की धास्ती उरत नाही.

शेवटी एक गोष्ट गाव म्हणून आपल्याशी बोलायची आहे. अंबाबाईच्या आणि जोतिबाच्या दर्शनाला येणारा, पुण्याहून बेळगावला किंवा गोव्याला जाणारा प्रवासी कोल्हापुरात टेकतो. पूर्वी पाहुणा आला की त्याच्याबरोबर त्याच्या बैलांचीही सोय पाहिली जाई. आज धर्मशाळा, लॉज, मंगल कार्यालये यांनी आपल्या आवारात नीट अर्थिंग केलेले, वेगळा मीटर लावलेले दोनचार प्लग ठेवले तर फार खर्च येत नाही, आणि प्रवाशाचा मुक्काम येथे पडतो. दुसरे असे की, ज्याच्या दारात स्वतःची जागा आहे त्यालाच ही गाडी आज सोयीची आहे. शिवाजी पेठेतल्या किंवा मंगळवार पेठेतल्या अरुंद बोळात राहणाऱ्याने रात्री गाडी कोठे लावायची? गृहसंस्थांनी आपल्या सभासदाला प्लग घेऊ देण्यात खळखळ करू नये, आणि नगरसंस्थेने सार्वजनिक वाहनतळांवर रात्रीच्या सावकाश चार्जिंगची सोय करावी. नाहीतर स्वस्त प्रवासाचे हे साधन बंगलेवाल्यांपुरतेच राहील.

प्रवासाला निघताना आपले वडीलधारे शिदोरी बांधून देत. तिच्यात भूक भागून एक भाकरी उरेल इतके अन्न असे; ती भाकरी वाटेत भेटणाऱ्या अडचणीसाठी. विजेच्या गाडीचा सारा हिशेब त्या उरलेल्या भाकरीचा आहे. तो करून खुशाल दूर जावे.